जुन्या ड्रॉइंगमधलं घर खरंच तसं बांधलं होतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी पुण्याची आर्किटेक्ट आहे आणि दोन वर्षांपासून लंडनच्या एका ऑफिसात काम करते. मेफेअरमधल्या एका उमरावी टाउनहाउसच्या दुरुस्तीचं काम तिच्याकडे आलंय. मालकांच्या कागदपत्रांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या 14 ड्रॉइंग्जचे स्कॅन मिळाले. त्या वेळी घर आतून बदलून घेतलं, त्याची ही ड्रॉइंग्ज. ती लिहिते, "गुलाबी भिंती म्हणजे नव्या, असं धरून मी तळमजल्याचा प्लॅन काढला. सर म्हणाले, गडबड आहे. शिवाय एकाच दिवाणखान्याच्या छताची तीन वेगवेगळी ड्रॉइंग्ज आहेत. यातलं खरं कोणतं धरू?" सोबत तिने तळमजल्याच्या प्लॅनचा आणि सातव्या पानाचा फोटोही टाकलाय.

तुमच्या सरांचं बरोबर आहे. पण तुमचं चुकलं त्याचं मला नवल वाटत नाही. आपल्याकडे परवानगीसाठी महापालिकेला द्यायच्या सबमिशन ड्रॉइंगवर लाल म्हणजे प्रस्तावित आणि पिवळं म्हणजे पाडायचं, हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की लालसर भिंत दिसली की हात आपोआप 'प्रपोज्ड' लिहून मोकळा होतो. 22 वर्षांपूर्वी लंडनला आले तेव्हा मीही पहिल्याच महिन्यात हेच केलं होतं. अठराव्या शतकात मात्र असा सर्वांना बांधील नियम नव्हता. प्लॅनमध्ये कापली गेलेली भिंत कुणी काळ्या वॉशने, म्हणजे पातळ जलरंगाने, भरी, कुणी करड्या, कुणी गुलाबी. पुढे एकोणिसाव्या शतकात जी पद्धत रुळली तिच्यात गुलाबी रंग विटेचा, पिवळा लाकडाचा, निळा लोखंडाचा. म्हणजे रंग सामानाचा, काळाचा नाही. एकाच प्लॅनवर दोन रंग असतील तर एक जुन्याचा आणि एक नव्याचा असण्याची शक्यता बरीच असते, पण कोणता कुणाचा ते त्या पानावरच ठरतं. आधी कोपऱ्यातली बारीक अक्षरातली टीप वाचा. ती नसेल तर पुढची खटपट करावी लागेल.

खरी अडचण मात्र रंगाची नाही. 'खरं कोणतं' असं विचारताना तुम्ही धरून चालला आहात की 14 पैकी एक तरी पान बांधून झालेल्या घराचं आहे. कदाचित एकही नसेल. हे कागद घराची नोंद ठेवायला काढलेलेच नव्हते. मालकाला पटवायला, कारागिराला समजवायला, खर्चाचा अंदाज घ्यायला काढलेले होते. म्हणून कोणतंही पान हातात आलं की मी आधी एवढंच बघते, की हे कुणासाठी काढलंय?

अठराव्या शतकातला आर्किटेक्ट रॉबर्ट ॲडम याच्या ऑफिसचं उदाहरण घेते, कारण त्याचे कागद बघायला मिळतात. सर जॉन सोन या नंतरच्या आर्किटेक्टने 1833 मध्ये ॲडम बंधूंच्या ऑफिसातली जवळजवळ 9 हजार ड्रॉइंग्ज 200 पौंडांना घेतली. लिंकन्स इन फील्ड्समधल्या त्याच्या घरी, म्हणजे आताच्या सोन म्युझियममध्ये, ती आहेत. लंडनमध्येच आहात तर अपॉइंटमेंट घेऊन दोन दिवस तिथे बसा. एकाच खोलीचा प्रवास तिथे कळतो. आधी स्वतःशी बोलत घाईघाईत काढलेलं स्केच. मग मालकासाठी रंगवलेलं, नावगाव घातलेलं सुबक पान. त्याची ऑफिसात ठेवायची प्रत. आणि शेवटी गिलाव्यावाला, सुतार, संगमरवरवाला यांच्यासाठी खऱ्या मापाचे तपशील. हा शेवटचा प्रकार फारच कमी टिकतो. तो साइटवर जाई, चुन्यात लोळे, पायाखाली येई आणि काम झालं की कचऱ्यात. म्हणजे घर ज्यावरून बांधलं ते कागद गेले, आणि मालकाला दाखवून कपाटात ठेवलेले उरले. तुमची 14 पानं कुटुंबाच्या कपाटातून आली आहेत. ती फार सुंदर आणि फार स्वच्छ असतील, तर मी थोडी सावधच होईन.

आता डर्बी हाउसकडे. ग्रोव्हनर स्क्वेअरमधलं हे घर मुळात 1720 च्या दशकातलं. 1773-74 मध्ये ॲडमने ते लॉर्ड स्टॅन्लीसाठी आतून बदललं. हा स्टॅन्ली पुढे 1776 मध्ये डर्बीचा बारावा अर्ल झाला, आणि घोड्यांच्या शर्यतीतली 'डर्बी' याच गृहस्थाच्या नावाची. महालक्ष्मीला इंडियन डर्बी बघताना हे डोक्यात नसतं, पण नाव इथूनच आलंय. प्लॉट लंडनच्या रांगेतल्या घरांसारखाच, पुढून अरुंद आणि मागे लांब, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. त्यात ॲडमने एकातून दुसऱ्यात जाणाऱ्या दालनांची माळ बसवली. पाहुणा जिना चढून वर आला की एकेक दालन पार करत पुढे सरकायचा, आणि प्रत्येक दालनाचा आकार आधीच्यापेक्षा वेगळा, कुठे टोकाला अर्धगोल, कुठे कमानीचं छत. खोल्यांची मांडणी फ्रेंच धर्तीवर करून बघितली, असं ॲडमने स्वतः छापलेल्या संग्रहात म्हटलंय. हे घर 1862 मध्ये पाडलं. त्यामुळे त्याच्याबद्दल आपण जे बोलतो ते जवळजवळ सगळं कागदावरून. तुमचं घर उभं आहे, म्हणजे तुमच्याकडे कागदाशी ताडून बघायला भिंत आहे. हा फार मोठा फायदा आहे.

तो वापरायचा कसा? मी आधी वाकड्या रेघा शोधते. रिमॉडेलिंगच्या प्लॅनमध्ये जुनी भिंत मोजून काढलेली असते आणि नवी मनातून. मोजलेली भिंत क्वचितच काटकोनात येते. एका टोकाला नऊ इंच, दुसऱ्या टोकाला साडेदहा, मध्ये उगाच एखादा खांदा. नवी भिंत मात्र पट्टीने काढल्यासारखी सरळ, किंवा कंपासने काढल्यासारखी गोल. ही खूण रंगापेक्षा भरवशाची आहे, शंभर टक्के नाही. आळशी ड्राफ्ट्समन जुनी भिंतही सरळ करून टाकतो.

दुसरी खूण चिमणीची. धुराडी सामायिक भिंतीत असतात. ती हलवायची म्हणजे खालपासून छपरापर्यंत सगळं उकलणं, शिवाय शेजाऱ्याशी भांडण. म्हणून जिना फिरतो, पार्टिशन फिरतं, दार फिरतं, पण शेकोटी बहुधा जागेवर राहते. प्लॅनवर आधी सगळ्या शेकोट्यांना टिंब करा, मग पुढच्या-मागच्या खिडक्यांना. ही टिंबं म्हणजे आर्किटेक्टच्या हाताला बांधलेली दोरी. नव्या खोल्या या टिंबांना धरून कशा बसवल्या ते दिसलं की नवी भिंत कोणती हे निम्मं आपोआप कळतं. अर्धगोल टोकं आणि कोनाडे कुठे येतात तेही बघा. ती नुसती हौस नसते. जुनी वाकडी भिंत आणि नवी सुबक खोली यांच्यामध्ये जी विचित्र जागा उरते, ती त्या गोलाईच्या पाठीमागे लपवलेली असते. तिथेच नोकरांचा अरुंद जिना, कपाट, कधी शौचकूप. पाहुण्याला गोल भिंत दिसते, आणि तिच्या मागून पाण्याची बादली घेऊन मोलकरीण वर जात असते.

ड्रॉइंग 1774 नंतरचं असेल तर आणखी एक आधार मिळतो. त्या वर्षीच्या लंडन बिल्डिंग ॲक्टने घरांचे दर्जे पाडले आणि सामायिक भिंतींची जाडी दर्जाप्रमाणे ठरवून दिली. खिडकीची लाकडी पेटीही बाहेरून दिसू नये म्हणून विटेच्या मागे घ्यायला लावली. नव्याने बांधलेल्या भागात हे दिसायला हवं. जुन्या भागात ते नसेल, आणि नसणं हीही माहितीच.

आता तुमचं सातवं पान. मधे खोलीचा प्लॅन आणि त्याच्या चारही कडांना भिंती आडव्या पसरलेल्या. हा माझा सगळ्यात आवडता प्रकार, म्हणून जरा रेंगाळते. मिठाईचा खोका कोपरे फाडून टेबलावर सपाट करावा, तशी ही खोली उलगडलेली आहे. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये अंतर्भाग असा काढायची फार चाल होती, कारण त्यांना खोली म्हणजे चार सजवलेले पृष्ठभाग वाटत. भिंतीला जाडी नाही, पलीकडे काय आहे याचा पत्ता नाही. सेक्शन, म्हणजे घर उभं कापल्यासारखं चित्र, काढला की पलीकडची खोली दिसते, वरचा मजला दिसतो. इथे तुम्ही त्या एका खोलीत कोंडलेल्या.

हे पान स्क्रीनवर वाचू नका. जाड कागदावर प्रिंट काढा, कडा कापा, भिंती उभ्या करून चिकटवा आणि खिडक्यांच्या जागा कापून बाहेरून टॉर्च मारा. हसू नका, आमच्या ऑफिसात नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हेच करायला लावते. खोका उभा राहिला की भांडणं दिसतात. एका घराच्या अशा खोक्यात कंबरेच्या उंचीची पट्टी एका कोपऱ्यात जुळेचना, जवळजवळ इंचाचा फरक येत होता. आधी वाटलं ड्राफ्ट्समनची चूक. साइटवर लेव्हल लावली तर जमीनच तेवढी एका बाजूला उतरलेली. म्हणजे काढणाऱ्याने ती भिंत प्रत्यक्ष मोजली होती! त्या पानावरचा माझा विश्वास एकदम वाढला.

आणि दारं मोजा. तुम्ही टाकलेल्या फोटोत शेकोटीच्या दोन्ही बाजूंना सारखी दारं आहेत. आता हे पान प्लॅनवर ठेवून बघा, शेकोटी सामायिक भिंतीत आहे. मग ती दोन दारं उघडतात कुठे, शेजारच्या लॉर्डच्या जेवणघरात? एक तरी दार खोटं असणार, किंवा आत फूटभर खोलीचं कपाट. समतोल साधायला खोटी दारं सर्रास लावत. उलटही होई. खरं दार भिंतीच्या कापडात किंवा रंगात बेमालूम लपवत, त्यामुळे ड्रॉइंगमध्ये दार दिसत नाही आणि भिंतीत सापडतं.

छताच्या तीन ड्रॉइंग्जचं कोडं तुलनेने सोपं आहे. हे पर्याय आहेत. कधी एकाच पानावर डाव्या अर्ध्यात एक नक्षी आणि उजव्या अर्ध्यात दुसरी असते, मालकाने बोट ठेवायचं. तुमच्याकडे छत उभं आहे, त्यामुळे नक्षी कोणती निवडली ते मान वर केली की कळेल, नंतरच्या कुणी ते बदललं नसेल तर. रंगाचं मात्र ड्रॉइंगवरून ठरवू नका. कागदावरची गुलाबी उडते, तांब्याचा हिरवा काळवंडून तपकिरी होतो, आणि ड्रॉइंगमधले रंग छतावर लावलेच होते असंही नाही. त्यासाठी रंगाचा कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजणारी माणसं आहेत, त्यांना बोलवा. पैसे लागतात, पण नंतर रंग खरवडून पुन्हा लावण्यापेक्षा स्वस्त.

कागदावरचा रंग आणि खोलीतलं सामान यांत किती अंतर असतं ते बघायचं असेल तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जा. नॉर्थम्बरलँड हाउस या लंडनमधल्या घराच्या काचेच्या दिवाणखान्याचे तुकडे तिथे आहेत. ॲडमनेच 1770 च्या दशकात केलेली ही खोली, घर 1874 मध्ये पाडलं. ड्रॉइंगवर लाल रंगाचा सपाट वॉश आहे. समोर उभं राहिलं की कळतं, ती काच आहे, मागून लाल रंग आणि त्यात धातूची चमकी. मेणबत्त्यांच्या उजेडात ती भिंत कशी दिसत असेल हे कुठलाही वॉश सांगू शकत नाही.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे तुमची टळेल. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका जुन्या प्लॅनचा स्कॅन कॅडमध्ये घेतला, आडव्या दिशेचं एक माप जुळवलं आणि सगळं ट्रेस केलं. जिन्याची विहीर प्रत्यक्षापेक्षा जवळपास चार इंचांनी चुकली. मी निष्कर्ष काढला की जिना नंतर कुणीतरी बदलला, आणि तसं दोन पानं भरून लिहिलंही. आमच्या सीनियरने मूळ कागद मागवला आणि त्यावरची काढलेली मापपट्टी दोन्ही दिशांना लावून दाखवली. कागद ओलीने फुगतो आणि सुकून आकसतो, आणि दोन्ही दिशांना सारखा नाही. दीड टक्का आकसला तरी 20 फुटांवर साडेतीन इंच जातात. जिना कुणीच बदलला नव्हता. तेव्हापासून पानावरच्या छापील किंवा लिहिलेल्या प्रमाणावर मी भरवसा ठेवत नाही, फक्त काढलेल्या मापपट्टीवर, आणि उभी मापं घ्यायची तर उभ्या दिशेचं ओळखीचं अंतर शोधून. स्कॅन किंचित तिरका असला तर त्यात आणखी भर.

शक्य असेल तर मूळ कागद एकदा तिरप्या उजेडात बघा. टॉर्च टेबलाच्या पातळीवर धरायची. भिंतींच्या कोपऱ्यांत टाचणीची बारीक भोकं दिसली तर हे पान दुसऱ्या पानावरून टोचून उतरवलंय, किंवा याच्यावरून दुसरं उतरवलंय. भोकं आहेत पण रेघ त्यावरून गेलेली नाही, अशी जागा दिसली तर थांबा. तिथे कुणीतरी मत बदललंय. वॉटरमार्कही बघा. 1794 नंतर त्यात साल घालायची पद्धत रुळली. साल सापडलं तर कागद त्याच्या आधीचा नाही एवढं नक्की. त्या साली ड्रॉइंग काढलं असं मात्र नाही, ऑफिसात कागदाचा गठ्ठा वर्षानुवर्षं पडून राहतो, तेव्हाही आणि आताही.

तुमच्या गठ्ठ्यात एखादं छापील खोदचित्र असेल तर ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. ॲडम बंधूंनी आपल्या कामांचा संग्रह 1773 पासून भागाभागाने छापला, डर्बी हाउस त्याच्या 1779 च्या खंडात आहे. त्याच सुमारास थेम्सकाठच्या अडेल्फी या घरबांधणीच्या धंद्यात ते पार अडकले होते, 1774 मध्ये त्यातून सुटायला लॉटरी काढावी लागली. गिऱ्हाईक हवं होतं. छापील चित्रं सुरेख आहेत, पण माझ्या मते ती जाहिरातीच्या जास्त जवळ. परस्पेक्टिव्हमध्ये दालन देवळाच्या सभामंडपाएवढं वाटतं. मग त्याच घराच्या प्लॅनवर पट्टी लावायची आणि डोळे चोळायचे.

हेरिटेज स्टेटमेंट, म्हणजे परवानगीच्या अर्जासोबतचा जुन्या घराचा अहवाल, लिहिताना माझी एक सवय उचला. 'मूळ' हा शब्द वापरू नका. घर आधीच एकदा बदललंय, मग मूळ कुठलं, पहिल्यांदा बांधलेलं की नंतर बदललेलं? मी प्रत्येक भिंतीपुढे तीनच खुणा ठेवते: काढलेली, बांधलेली, सापडलेली. 'काढलेली' म्हणजे ड्रॉइंगमध्ये आहे. 'बांधलेली' म्हणजे बिलात किंवा हिशेबात तिच्या पैशांची नोंद आहे. 'सापडलेली' म्हणजे आज हात लावता येतो. तिन्ही खुणा मिळालेल्या भिंती थोड्याच निघतील, आणि अर्ज तपासणारा कंझर्व्हेशन ऑफिसर त्यांच्याबद्दल फारसं विचारणार नाही. तो 'काढलेली' आणि 'सापडलेली' यांच्यात न जुळणाऱ्या जागांवर बोट ठेवेल. तिथे अंदाज असेल तर अंदाज असं स्वच्छ लिहा. लिस्टेड, म्हणजे संरक्षित यादीतल्या, इमारतीत परवानगीशिवाय केलेला फेरबदल 1990 च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे चुकीच्या खात्रीवर कुणी भिंत पाडली तर ते निस्तरायला तुमच्या ऑफिसलाच बसावं लागेल. कुटुंबाच्या कागदांत गिलाव्यावाल्याचं बिल शोधा. हे लोक नक्षीची पट्टी फुटांवर लावत. बिलातले फूट आणि खोलीचा परिघ जुळला तर चौदाही ड्रॉइंग्जपेक्षा तो मोठा पुरावा.

आता लगेच करायचं काम. तळमजल्याच्या प्लॅनवर मागच्या जिन्याशेजारी जो गोल कोनाडा आहे, तुम्ही गुलाबी म्हणून 'नवा' धरलेला, त्याच्या दोन्ही बाजूंनी टेप लावून भिंतीची जाडी घ्या. 14 इंचांच्या आसपास आली तर दीड विटेची भिंत आहे, बहुधा बदलण्याआधीच्या जुन्या घराचीच, आणि कोनाडा तिच्यातच कोरलेला. पाच-सहा इंच आली आणि ठोकल्यावर पोकळ वाजली तर लाकडी चौकटीवर पट्ट्या मारून केलेला गिलावा आहे, मग तुमचा 'नवा' बरोबर, कारण मात्र गुलाबी रंग नाही. माप इथेच टाका. आणि त्या पानाची मागची बाजू स्कॅन केली नसेल तर तीही मागवा. अशा कागदांच्या पाठीवर कुणीतरी पेन्सिलीने बेरजा केलेल्या मला अनेकदा सापडल्यात.